तन्वीचं वजन आणि अप्पांचा गूळ

“मॅडम, हिचं वजन उतरलंय. वर्षात दीड किलो.” सुरेखा खुर्चीवर टेकायच्या आत बोलली. तिची नऊ वर्षांची तन्वी दारातच थांबली होती.

मुलांनो, वाढत्या वयात वजन कमी होणं आम्हा बालरोगतज्ज्ञांना मुळीच आवडत नाही. शुगर, थायरॉइड, टीबी, सगळं डोक्यात येतं.

“शिवाय मोबाइलवर बीएमआय काढला. पंधरा. अंडरवेट दाखवतो. तूप, केळी, सगळं चालू केलंय. आता ताट बघितलं की रडते.”

“आई घास मोजते,” तन्वी म्हणाली.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. मोठ्यांत साडेअठराच्या खाली कमी धरतात. मुलांना हा आकडा लागू नाही. वय वाढतं तसा त्यांचा बीएमआय बदलतो, म्हणून त्याच वयाच्या मुलामुलींच्या चार्टवर पाहावा लागतो. मी तन्वीच्या केसांतली अबोलीची वेणी उतरवायला लावली, उंची घेतली, वजन केलं. चार्टवर ती व्यवस्थित पट्ट्यात बसत होती.

पण उतरलेल्या दीड किलोचं काय? आज पट्ट्यात असली तरी ती वरून घसरत आली असेल, तर ते बरं लक्षण नव्हतं. तहान फार लागते का, रात्री लघवीला उठते का, खोकला, ताप? सगळ्याला “नाही.” तरी मी रक्ततपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता सुरेखाला विचारलं,

“मागचं वजन कुठे केलं होतं?”

“अप्पांच्या दुकानात. वाढदिवसाला मुलांची गुळानं तुला करतात आमच्यात. मग गूळ वाटतात.”

अप्पा म्हणजे तिचे सासरे, अमरगोळच्या बाजारात गुळाचे व्यापारी. तिनं फोन स्पीकरवर लावला.

“अप्पा, गेल्या वर्षी तन्वीला तराजूत कशावर बसवलं होतं?” मी विचारलं.

“पाटावर की, डॉक्टर अक्का. शिसवी पाट. नुसत्या पारड्यात बसवतात होय नातीला?”

“पाटाचं वजन वजा केलं?”

“पोत्याचं करतो. नातीच्या तुलेत कसलं वजा करायचं? वर दोन ढेपा जास्तच ठेवल्या.”

“आणि यंदा?”

“यंदा इलेक्ट्रॉनिक काटा. दिवाणजीनं पाट ठेवून आधी शून्य केलं. मला नाही पटलं ते. गूळ कमी पडला.”

सुरेखानं फोन ठेवला आणि ती रडायला लागली. तन्वी तिच्याकडे बघत राहिली.

म्हणजे मागच्या आकड्यात पाट आणि ढेपाही होत्या; तन्वीचं मागच्या वर्षीचं खरं वजन मला ठाऊकच नव्हतं. अंदाजावर मी निश्चिंत होत नाही. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि सांगितलं, “दर महिन्याला इथेच, याच काट्यावर. ताटात तुम्ही वाढा, किती खायचं ते तिला ठरवू दे.”

पहिल्या महिन्यात वजन तेवढंच राहिलं. त्या आठवड्यात मी चिठ्ठी दोनदा बाहेर काढली. दुसऱ्या महिन्यात ते थोडं वाढलं, तिसऱ्यात आणखी. उंचीही वाढली. मग चिठ्ठी फाडली.

तुमच्या आईबाबांना सांगा, मुलांची वजनं एकाच काट्यावर करायची आणि मोठ्यांचं बीएमआयचं ॲप मोठ्यांनी स्वतःसाठी वापरायचं. ते सहसा वापरत नाहीत.