विहिरीत उतरलेला तिसरा माणूस

हे लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या घरात कागदावर पेन टेकवणारा मी पहिलाच, आणि तोही आजवर परीक्षेपुरता. पुस्तकं लिहिणाऱ्यांची भाषा मला येत नाही. जी येते तीही जपून वापरावी लागते. त्यात विषय विनोदाचा, आणि मला हसता येत नाही अशी हॉस्टेलात माझी ख्याती. म्हणून वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं. पण विनोदाबद्दल फक्त हसणाऱ्यांनीच लिहायचं ठरलं, तर त्यातली निम्मी हकिकत कधी बाहेरच यायची नाही, असं मला वाटतं.

उस्मानाबादच्या कॉलेजात आलो तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की जगात एकूण तीनच माणसं आहेत. एक इंग्रज, एक अमेरिकन आणि एक भारतीय. ही तिघं कायम एकत्र असतात. कधी पडणाऱ्या विमानात, कधी बेटावर, कधी राक्षसाच्या तावडीत. त्यांना घरदार नाही, कामधंदा नाही. इंग्रज ताठ बोलतो, अमेरिकन पैसा दाखवतो, आणि भारतीय लबाडी करून दोघांना फसवतो. लबाडी आपली आहे म्हणून हॉस्टेलातली मुलं टाळ्या पिटायची. फसवणारा परका असता तर त्याच मुलांनी त्याला चोर म्हटलं असतं.

आमचे एक प्राध्यापक पुण्याकडचे होते. तास संपत आला की त्यांना विनोद सुचायचा. त्यांच्या विनोदात तिसरा माणूस मराठवाड्याचा असे. राक्षस विचारतो, शेवटची इच्छा काय? इंग्रज चहा मागतो, जपानी यंत्र मागतो, मराठवाडी म्हणतो, "जरा आडवा होतो." सगळा वर्ग हसायचा. त्या वर्गातली निम्मी पोरं सुट्टीत दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली. हाताचे फोड अजून ओले, आणि आपल्या आळसावर हसत होती. मी हसलो नाही म्हणून सर म्हणाले, "तुला समजला नाही वाटतं." मी म्हणालो, "समजला सर." त्यावर वर्ग आणखी हसला.

माझं गाव माकणीच्या पलीकडं. कर्नाटकाची हद्द फार लांब नाही. आमच्याकडं मूर्ख माणूस कानडी असतो. बा बैल विकायला हद्दीपलीकडं आळंदच्या बाजारात गेला होता तेव्हा मी बरोबर होतो. तिथं चहाच्या टपरीवर तोच मूर्ख मराठी झालेला. गोष्ट तीच, हसणंही तेच. शेजारच्या माणसाला मूर्ख ठरवायला नवी गोष्ट रचावी एवढेही कष्ट कुणी घेत नाही. तयार कोट घ्यायचा आणि शेजाऱ्याच्या अंगावर चढवायचा.

गावात हा कोट आमच्या वस्तीसाठी राखून ठेवलेला होता. बानं धर्म बदलला, घरातले देव काढले, पण विहिरीचा काठ काही बदलला नाही. वरच्या गावातली विहीर आम्हाला चालत नव्हती. म्हणजे पाणी चालत होतं, काठ चालत नव्हता. माय घागरी खाली मांडून उभी राहायची, आणि वरची कुणी बाई आली, तिचं भरून झालं, तिला वाटलं, तर ती वरून ओतायची. दुष्काळात विहीर तळाला गेली तेव्हा वाटणंही कमी झालं. वरच्या बायकाच पाण्यासाठी भांडत होत्या; आमच्या घागरीत ओतणार कोण?

तरी गाळ काढायला उतरायचे आमचेच. विहीर आटत आली की चेअरमनांचं बोलावणं यायचं. बा कमरेला दोर बांधून खाली जायचा. वर दोर धरलेला असायचा वरच्या गावातल्या गड्यांनी. दिवसभर तो कमरेइतक्या चिखलात घमेली भरून द्यायचा. वर आला की त्याला लांब बसवून भाकरी. आणि त्यानं मोकळ्या केलेल्या झऱ्याचं पाणी दुसऱ्या दिवशी माय काठाखाली उभी राहून मागायची. हा आमच्या गावचा रिवाज होता आणि त्यात कुणाला काही विनोदी वाटत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला गावी होतो तेव्हा बातमी आली की एक परदेशी संस्था गावोगाव बोअर पाडून देते आहे. गावाला एकच बोअर. आधी साहेब येऊन जागा बघणार, मग महिन्या-दोन महिन्यांनी गाडी येणार. चेअरमन म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. खत, बियाणं, कर्ज, साखर कारखान्याचा शेअर, सगळं त्यांच्या ओट्यावरून जायचं. त्यांनी जागा ठरवूनच टाकली होती: सोसायटीच्या दारात. आमच्या वस्तीला बोअर कुठं का होईना, पण आपल्या पायांनी जाऊन भरता येईल अशा जागी हवा होता. सोसायटीच्या दारात झाला तर आणखी एक काठ, आणखी एकदा उभं राहणं. बा मला म्हणाला, "तू इंग्रजी शिकलास. सायबाला एवढं कळू दे."

साहेब आला. उंच, उन्हानं भाजलेला, हातात हातोडी. गावानं त्याला जर्मन ठरवलं. मला त्यानं सांगितलं की तो हॉलंडचा आहे. मी तसं चेअरमनांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग जर्मनच की. हॉलंड जर्मनीच्याच जिल्ह्यात येतं." ओट्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबाला फेटा बांधला, नारळ दिला. नारळ आत्ताच फोडून प्यायचा का, असं त्यानं विचारलं, आणि त्यावर गाव पुढं आठवडाभर हसलं.

मी ओट्याखाली उभा होतो. दुभाष्या खाली आणि साहेब वर, असं काही जमेना. साहेबाला ऐकू येईना. चेअरमन म्हणाले, "ये रं वर. आज चालतंय." तेवढ्या तासापुरता मी वर गेलो.

"सायबाला म्हणावं," चेअरमन सुरू झाले, "गाव मोठं हाय, मन मोठं हाय, पाणी तेवढं न्हाय."

मी सांगितलं. साहेबानं मान हलवली.

"तोंड बघ की ह्याचं, एरंडेल पिल्यावानी. एखादा जोक सांग त्याला. तो विहिरीचा सांग."

"कोणता, अण्णा?"

"कोणता म्हंजी? इंग्रज, जर्मन आन् तुमच्या वस्तीतला."

सोसायटीचे सेक्रेटरी घाईनं म्हणाले, "अण्णा, जर्मन नगं. सायब जर्मन हाय."

"मग जपानी म्हण. कुणी बी म्हण रं. तिसरा तेवढा बदलू नगंस. आन् राग मानू नगंस, हसण्यावारी हाय."

विनोद असा होता. तिघांना विहीर खोदायला बोलावलं. इंग्रजानं मोजपट्टी आणली, जपान्यानं यंत्र आणलं. आमच्या वस्तीतला नुसता दोर घेऊन आला. खाली उतरला, आणि दोर कुणीतरी चोरील म्हणून सुटा करून तोही खाली ओढून घेतला.

मी हा विनोद लहानपणापासून ऐकत होतो. त्या ओट्यावर बसलेल्यांपैकी एकही जण आयुष्यात विहिरीत उतरलेला नव्हता. ज्याच्या कमरेला दोर आहे त्याला तो दोर काय असतो हे शिकवावं लागत नाही. बा खाली असताना एकसारखा वर हाक मारायचा, "धरलाय ना?" आणि वरून उत्तर येईपर्यंत हात चालवायचा नाही. दोर ओढून घेणारा माणूस फक्त कोरड्या ओट्यावर बसून सुचतो. पानाची पिंक टाकता टाकता सुचतो.

पण सांगायला तर हवा होता. नाही म्हटलं असतं तर मी खाली आणि जागेचं बोलणं संपलं. मी हळू इंग्रजीत, एकेक वाक्य जुळवत, जसा होता तसा सांगितला. तिसरा माणूस कोण, तिथं मी म्हणालो, "माझ्या लोकांतला एक."

साहेब खो खो हसला. ओट्यावरच्यांना बरं वाटलं. मग तो म्हणाला, "हा आमच्याकडंही आहे. आम्ही तो शेजारच्या देशाच्या लोकांवर सांगतो. बेल्जियमच्या. त्यात माणूस तळघरात उतरतो आणि शिडी चोरीला जाईल म्हणून आत ओढून घेतो."

मी विचारलं, "आणि बेल्जियमचे लोक तुमच्यावर काय सांगतात?"

"आम्ही चिक्कू आहोत म्हणून सांगतात." त्यानं खांदे उडवले. "त्यात काही दम नसतो."

सात समुद्रांपलीकडून हातोडी घेऊन आलेला, शिकलेला माणूस, आणि त्याच्या पोतडीतही तोच जुना कोट. त्याच्यावरचा विनोद मात्र त्याला फिका वाटत होता. पुण्याचे सर, आमचे चेअरमन आणि हा साहेब एका बाकावर बसवले असते तर त्यांचं फार छान जमलं असतं. भाषेचीही गरज पडली नसती.

"काय म्हणतोय?" चेअरमनांनी विचारलं.

"त्यांच्याकडं पण हाय म्हणतोय हा जोक."

"बघा! जगात मान्यता हाय आपल्या जोकला."

साहेबानं फेट्याखालचा घाम पुसला आणि सहज विचारलं, "तुझे लोक म्हणजे कोण? तू या गावचाच ना?"

मी ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेली आमची वस्ती बोटानं दाखवली. त्यानं विचारलं, "ते पाणी कुठून आणतात?" मी सांगितलं. घागरी खाली मांडतात, उभं राहतात, कुणी ओतलं तर घेतात. माझ्या इंग्रजीत यापेक्षा जास्त काही मावत नव्हतं. साहेबाला ते नीट कळलं नाही. त्यानं दोनदा विचारलं, "पण स्वतः का काढत नाहीत?" त्याला वाटलं, बादली नसेल.

"आता काय इचारतोय?" चेअरमन.

"विहीर बघायची म्हणतोय."

हे खरंच होतं. साहेब उठूनच उभा राहिला होता. विहिरीवर आमच्या वस्तीतल्या बायका होत्या. माय होती. भर उन्हात ओळीनं घागरी, आणि काठावर कुणीच नाही. साहेब काठावर चढला, खाली वाकून बघितलं, मग बायकांकडं बघितलं. त्याचं मन द्रवलं वगैरे मी लिहिणार नाही. मला ते माहीत नाही. तो ओढ्याकडं चालू लागला. दगड फोडून बघायचा, कान लावल्यासारखं करायचा. मागून चेअरमन धापा टाकत, "सायबाला म्हणावं, तिकडं समदा खडक हाय. पाणी लागायचं न्हाय."

मी ते शब्दाला शब्द सांगितलं. साहेब म्हणाला, "ते मी बघतो."

त्यानं दोन ठिकाणी चुन्याची फुली मारली. पहिली सोसायटीच्या दारात, दुसरी आमच्या वस्तीच्या तोंडाशी. पहिल्या जागी कोरडं गेलं तरच दुसरी जागा, असं त्यानं सांगितलं. चेअरमन खूश झाले. जाताना मला म्हणाले, "चांगलं बोललास रं. जोक पण चांगला सांगितलास." आणि ओटा धुवायला गड्याला हाक मारली. मी ऐकण्याइतका जवळच होतो.

कॉलेज सुरू झालं. मी परत आलो. आमच्या घरी लिहिणारा मीच, त्यामुळं मला पत्र यायचं तरी कुणाचं? रविवारी एस.टी. स्टँडवर जाऊन लोहाऱ्याच्या गाडीतून उतरणाऱ्यांना विचारायचो. कुणी म्हणे बोअरची गाडी ढोकीत बघितली, कुणी म्हणे परत गेली. एकानं छातीठोक सांगितलं की आमच्या गावात पाण्याच्या ऐवजी तेल लागलं. हॉस्टेलात तिघांचे विनोद चालूच होते. आता मी उठून बाहेर जायचो. एकानं मागून विचारलं, "काय रे, तुझ्या भावना दुखावतात का?" मी म्हणालो, "नाही. कंटाळा येतो." ते खरं होतं. रोज उठून तोच माणूस त्याच खड्ड्यात ढकलायचा, आणि ढकलणाऱ्यांना त्याचं नवल वाटायचं, याचा मला त्या माणसांसकट वीट आला होता.

पोळा होऊन गेला आणि एका दुपारी मामा हॉस्टेलच्या दारात उभा. धोतर धुळीनं माखलेलं, हातात भाकरीचं फडकं. आधी त्यानं पाणी मागितलं. एका दमात तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून बसला.

"बोअर झाला का, मामा?"

"झाला की. वरच्या अंगाला दोन दिस गाडी कोकलत होती. नुसता फुफाटा. समदी सोसायटी पांढरी झाली."

"मग?"

"मग आपल्याकडं आली. संध्याकाळच्याला पाणी लागलं. आता हापसा बसवलाय."

"वरचे येतात का पाण्याला?"

"बायका येत्यात. खाली मान घालून येत्यात, भरून नेत्यात. आपण कुणाला अडवत न्हाय. चेअरमनच्या घरचं पाणी मातर अजून बैलगाडीनं येतंय, तेरणेच्या वाळूतल्या झऱ्यावरनं. बैलं पार खंगली त्येंची. पण ह्ये पाणी न्हाय चालत म्हणं."

"आणि माय?"

"तुझ्या मायला पैल्या दिशी दांडा कसा हाणायचा कळंना. घागर ठिवली आन् बाजूला हुबी राहिली, नेहमीपरमाणं. मी म्हणलं, आक्का, कुणाची वाट बघतीस?"

"पाणी गोड आहे का?"

"न्हाय रं, मचूळ हाय," मामा म्हणाला. "डाळ शिजत न्हाय. पण प्यायला हाय."