चक्कीचं कपाळ

मुरूमच्या बाजारात कडक भाकरीचं नाव काढलं की लोक महादेवीअक्काच्या घराकडं बोट दाखवायचे. पातळ, खुसखुशीत, महिनाभर डब्यात ठेवली तरी मऊ पडायची नाही. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं बाईनं त्याच भाकरीवर घर चालवलं, लेकीला नर्सिंगला घातलं, आणि कुणापुढं पदर पसरला नाही. हां, तोंड मात्र तिखट. भाव करायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती सरळ म्हणायची, "परवडत न्हाय तर घरी थापून खावा की!"

तिचं एकच पथ्य होतं. ज्वारी दळली की तासाभरात तवा तापला पाहिजे. पीठ पडून राहिलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापतानाच चिरते. गावच्या गिरणीत नंबर लागेपर्यंत दुपार व्हायची, वर कुणाच्या तरी डाळीचं पीठ मिसळून यायचं ते वेगळंच. म्हणून तिनं घरीच विजेची चक्की घेतली. घेतली ती श्रीशैलच्या दुकानातून.

श्रीशैल तिच्याच गल्लीतला, आता चाळिशी ओलांडलेला. त्याची आई उमाबाई आणि अक्का सोमवारी जोडीनं महादेवाला जायच्या. शाळेतून आला की हा पठ्ठ्या आधी अक्काच्या चुलीपुढं बसायचा, मग स्वतःच्या घरी जायचा. तो म्हणाला, "अक्का, कंपनीची पाच वर्षांची वॉरंटी काढून देतो. कायबी बिघडलं तर माणूस घरी येऊन दुरुस्त करतोय. आन् म्या हायेच की!" कागद सगळा इंग्रजीत होता. अक्कानं सही केली ती त्या 'म्या हायेच की'वर.

चक्की सोमवारी घरी आली. नवं यंत्र पूजेशिवाय चालू करायची रीत आमच्याकडं नाही. उंबऱ्यावर नारळ फुटला. अक्का ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवून उभी राहिली. पण लावायची कुठं? श्रीशैल हसत पुढं झाला आणि चक्कीच्या दारावरच्या चंदेरी पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "हितं लावा अक्का, हेच हिचं कपाळ!" टेम्पोवाल्यानं तसाच फोटो काढला. श्रीशैलचं बोट पट्टीवर, अक्काची बोटं विभूतीनं पांढरी, दोघं हसताहेत. तो फोटो मोठा करून श्रीशैलनं दुकानाच्या भिंतीवर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "ही आमची अक्का."

पुढं दोन वर्षं दर सोमवारी अक्का ती पट्टी ओल्या फडक्यानं पुसायची आणि ताजी विभूती ओढायची. बाई कधी चुकली नाही. त्या पट्टीवर यंत्राचा नंबर होता हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

चैत्रात चक्कीची मोटार जळली. घरभर धूर. अक्कानं कंपनीला फोन लावला. तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, असं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली आणि तासाभरानं फोन आपोआप कटला. असे नऊ दिवस गेले. गिरणीतल्या पिठाच्या भाकऱ्या चिरायला लागल्या आणि सोलापूरच्या खानावळवाल्यानं सांगून टाकलं, "महिनाभरात पयल्यासारखा माल द्या, न्हायतर म्या दुसरीकडं बघतो." ती खानावळ गेली असती तर अक्काचा निम्मा धंदा बसला असता.

दहाव्या दिवशी रणधीर नावाचा मेकॅनिक आला. मोटार बघायच्या आधी त्यानं पट्टी बघितली. पांढरीफटक, पुसून पुसून एकही आकडा उरला नव्हता. फोटो काढला आणि गेला. चार दिवसांनी कंपनीचा निरोप आला: ग्राहकानं नंबर मुद्दाम खोडला आहे, वॉरंटी रद्द.

"मुद्दाम?" अक्का कडाडली. "आरं मुडद्यांनो, पूजा केली म्या तिची!"

रणधीर माणूस बरा होता. त्यानं खासगीत फोन करून सांगितलं, "मावशी, तुमच्या वॉरंटीच्या फॉर्मवरबी नंबर न्हाय. दुकानदारानं ती जागा कोरीच सोडलीय. नंबर दिसंल असा एखादा जुना फोटो असंल तर द्या, आठ दिवसांत मोटार बसवतो."

अक्का तशीच दुकानात गेली. भिंतीवरच्या फोटोत श्रीशैलच्या बोटाशेजारी आकडे लख्ख दिसत होते. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं सगळं सांगितलं. कोऱ्या फॉर्मचं नाव निघताच श्रीशैलनं एकदा फोटोकडं बघितलं. मग म्हणाला, "तुमी कशाला तरास घेता अक्का? सांजच्याला म्याच धाडतो फोटो." अक्का निर्धास्त घरी आली. वाईट ह्याचंच वाटतं, बाई अगदी निर्धास्त घरी आली.

दोन दिवस वाट बघून तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती. भिंतीवर फोटो नव्हता. त्या जागी रंगाचा उजळ चौकोन आणि कोपऱ्यांत चिकटपट्टीचे चार तुकडे.

"फोटो कुठाय रं?"

"कुठला फोटो?" श्रीशैल मान वर न करता म्हणाला. "अक्का, म्या समद्यांना सांगतो, यंत्राला पाणी लावू नका. तुमीच ऐकलं न्हाय. फॉर्मचं मधी आणू नका, एजन्सी जाईल माजी."

"हेच हिचं कपाळ, कोण म्हणलं व्हतं?"

"म्या न्हाय म्हणलो."

कंपनीवर अक्का चिडली होती. पण कंपनीला तिनं कधी जेवू घातलं नव्हतं. ह्याला घातलं होतं, ह्याच हातांनी. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. विभूती तळव्यावर घेतली, टेबलावरच्या तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि भिंतीवरच्या त्या उजळ चौकोनात तीन बोटं आडवी ओढली. गिऱ्हाइकं बघत राहिली.

"घे," अक्का म्हणाली. "आता हेबी पुसून टाक. तुला पुसाया लई चांगलं जमतंय."