जावयाच्या वाणातला कंट्रोलर

अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं. आमच्या जावईबापूंनी इंदूरहून आधीच कळवलं की चांदीचे दिवे घरात पुष्कळ आहेत, त्यापेक्षा गेम खेळायचा वायरलेस कंट्रोलर द्यावा. सोबत फोटो होता, कंपनीचं नाव होतं आणि नावाखाली ‘ओन्ली ओरिजिनल’ अशी ताकीद. आईनं फोटो पाहिला. खेकड्यासारखं दिसतंय, म्हणाली, पण मागितलंय तर द्यायला हवं.

खरेदी माझ्याकडे आली. मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि कोणतीही वस्तू घेण्याआधी तिच्याविषयी सापडेल ते वाचून काढतो. ताप्तीकाठच्या सुभेदारांवर मी जेवढं वाचलं नसेल तेवढं त्या आठवड्यात कंट्रोलरवर वाचलं. त्यातून एवढं कळलं की नावाजलेल्या कंपनीच्या कंट्रोलरच्या, अंगठ्यानं फिरवायच्या दांड्या काही दिवसांनी झिजतात आणि पडद्यावरचा खेळाडू आपोआप एकीकडे चालू लागतो. एका कमी नावाच्या कंपनीच्या दांड्या चुंबकावर चालतात, त्या झिजत नाहीत. इतवारा बाजारातल्या दुकानात तो मिळाला. ‘‘ओरिजिनल से बीस है, भैया,’’ दुकानदार म्हणाला. मी बरोबर होतो हे इथं नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या प्रकारात तेवढंच माझ्या बाजूनं आहे.

पाहुणे येणार त्या सकाळी मी तो माझ्या लॅपटॉपला जोडून पाहिला. नुसतं होमचं बटण दाबलं तर दिवे लुकलुकतात, पण लॅपटॉपला कंट्रोलर दिसत नाही. तो बंद असताना एक्स आणि होम ही दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरावी लागतात. यात माझा पाऊण तास गेला. शेवटी खोक्यातलं पत्रक वाचलं. वाचून झाल्यावर ते घडी करून खिशात टाकलं. टाकलं ते मुद्दाम नव्हतं. नंतर बाहेर काढलं नाही, ते मुद्दाम होतं.

बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आल्या आल्या ती धोंड्यांचं पुरण वाटायला बसली आणि वाटता वाटता मला सांगितलं की इंदूरच्या एका शाळेनं तिला शिकवायला बोलावलंय, सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. नवऱ्याला अजून विचारलं नव्हतं.

‘‘दादा, आज त्यांना खूश राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘जेवताना सगळ्यांसमोर विचारते. मानाच्या पाटावर बसलेला माणूस नाही म्हणत नाही.’’

डाव चांगला होता. मी मान हलवली.

आईनं जावयाला पाटावर बसवून कुंकू लावलं, हातात ताट दिलं. तेहतीस बत्ताशे, मधोमध खोकं. त्यांनी खोकं उलटसुलट केलं आणि कंपनीचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, डॉक्टर वाईट रिपोर्ट वाचतात तसं.

‘‘साले साहेब, कॉपी उचलून आणली.’’

पण खेळायची हौस होतीच. त्यांनी आपला लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि होमचं बटण दाबलं. दिवे लुकलुकले. लॅपटॉपच्या यादीत शेजाऱ्यांचा स्पीकर आला, कुणाचा तरी टीव्ही आला, कुणाचं तरी घड्याळ आलं. कंट्रोलर आला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. बघायला शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या. त्यांना ब्लूटूथ म्हणजे काय यावर एक व्याख्यान मिळालं. खोक्यात काही कागद असेल का, असं आईनं विचारलं, तर असल्या गोष्टींना कागद लागत नाही म्हणाले. कूलरपुढे बसूनही त्यांची मान घामानं भिजली होती. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी पाणी प्यालो.

अर्ध्या तासानं त्यांनी निकाल दिला. ‘‘लोकल माल आहे. दिवा लागतो, काम करत नाही. तुमच्या कॉलेजसारखं.’’

‘‘द्या इकडे,’’ मी म्हणालो.

कंट्रोलर बंद केला. दोन बटणं दाबली आणि एक, दोन, तीन असं मोठ्यानं मोजलं, बालवाडीत मोजतात तसं. यादीत नाव आलं. टीव्हीवरचा फुटबॉलवाला माझ्या अंगठ्यानं पळू लागला.

‘‘पत्रकात लिहिलेलं असतं,’’ मी म्हणालो. ‘‘वाचता येणाऱ्यांसाठी.’’

वडील हसले. जावयापुढे त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. काकूही हसल्या. जावईबापूसुद्धा हसले, आणि तेवढ्यावर ते मिटलं असं मी धरून चाललो. इतिहास शिकवणाऱ्या माणसानं असं धरून चालू नये.

पानं वाढली. बहिणीनं धोंड्यांवर तुपाची धार धरली आणि ठरवल्याप्रमाणे, पण ठरवल्यापेक्षा हळू आवाजात, शाळेचं विचारलं. त्यांनी घास संपवला. रागाचं नावही नव्हतं.

‘‘शाळेत वाचता येणारी माणसं लागतात,’’ ते म्हणाले. ‘‘तुझ्या भावाला पाठव.’’

आईनं त्यांना आणखी एक धोंडा वाढला. बहिणीनं तुपाचं भांडं आत नेऊन ठेवलं.

दोन दिवस राहणार होते, ते तिसऱ्या प्रहरीच निघाले. वाण परत ठेवून जाता येत नाही, म्हणून खोकं पिशवीत गेलं. जावईबापू पुढे जाऊन रिक्षात बसले. बहीण दारातून परत आली.

‘‘खोक्यात पत्रक नाही,’’ ती म्हणाली. ‘‘घरी जुळलं नाही तर माझ्यावरच येईल.’’

मी खिशात हात घातला. कागद घामानं मऊ पडला होता. तिनं आधी कागदाकडे पाहिलं, मग खिशाकडे.

‘‘सकाळपासून?’’

मी हो म्हणालो.

तिनं उभ्यानंच तो दोनदा वाचला. ओठ हलत होते, शाळेत कविता पाठ करताना हलायचे तसे. मग त्याच घड्यांवर घडी घालून कागद माझ्या हातात परत दिला.

‘‘तूच ठेव. माझ्याजवळ सापडला तर मलाही ठाऊक होतं म्हणतील.’’