ड्राफ्टमधले ग्लोव्हज

कोविडच्या पहिल्या वर्षी मी सिडनीत पॅरामॅटाजवळच्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या खरेदी विभागात होतो. दुकानांत टॉयलेट पेपर मिळत नव्हता, पण आमच्या विभागाची कामगिरी मात्र शंभर टक्के होती.

कामगिरी मोजायची फूटपट्टी एकच होती: ऑर्डर दिल्यापासून माल किती दिवसांत आला. शिक्षकांनी मागणी कधी केली, हे कोणी विचारतच नव्हतं. मग मी शक्कल लढवली. पुरवठादाराकडे माल येईपर्यंत मागणी ‘ड्राफ्ट’मध्येच ठेवायची. ऑर्डरच दिली नाही, तर उशीर होणार कुठून? तक्ता हिरवागार झाला. "ब्रिलियंट, मेट!" साहेब म्हणाले. मलाही स्वतःचं भारी कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू!

माझी बायको आमच्याच संस्थेत नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करत होती. पुण्यात शाळेत शिकवणारी ही बाई दोन वर्षं ब्लॅकटाउनच्या एका दुकानात शेल्फ भरत होती. प्रॅक्टिकल झालं की वेस्टमीडच्या हॉस्पिटलात प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव, मग नोकरी. तिने दिवस मोजायला घेतले होते.

घरी एकाच जेवणाच्या टेबलावर आमची दोन ऑफिसं होती. एका दुपारी ऑनलाइन मीटिंगमध्ये मला उत्तम कामगिरीचं प्रशस्तिपत्र मिळालं. अकरा जणांनी टाळ्यांचं चित्र दाबलं. समोर बायकोने लॅपटॉप मिटला.

"प्रॅक्टिकल कॅन्सल. ग्लोव्हज नाहीत म्हणे. माझी प्लेसमेंटची सीटही दुसऱ्या कॉलेजला गेली."

"सप्लायरकडेच शॉर्टेज आहे गं."

"मग त्या कॉलेजला कसे मिळाले? सप्लायर तोच आहे. त्यांनी आधी ऑर्डर दिली होती. आमची रिक्वेस्ट सात आठवडे तुमच्याकडे पडून आहे."

माझ्याकडे मागण्यांना नुसते नंबर असायचे. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या वर्गाचा नंबर मी शोधला.

"ड्राफ्ट म्हणजे?"

"म्हणजे... अजून मोजत नाहीत."

तिने फोन उचलला आणि दुकानाच्या मॅनेजरला सोमवारच्या शिफ्टसाठी मेसेज टाकला. भांडली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी ती पुन्हा दुकानाच्या शिफ्टला गेली आणि मी ती ऑर्डर पाठवली. पुरवठादाराकडे नुकताच नवा माल आला होता. चौथ्या दिवशी ग्लोव्हज संस्थेत पोहोचले. तक्त्यात हिरवी नोंद झाली: वेळेत.