फौजदाराची पेटी

त्याला सगळे फौजदार म्हणत. पोलिसात तो कधीच नव्हता. पण सिनेमाच्या शेवटी जीपमधून उतरणारा, खलनायकाला बेड्या घालणारा आणि नायक-नायिकेकडे बघून उगाच हसणारा जो अधिकारी असतो, तो बहुतेक वेळा हाच असे. उंची चांगली, खांदे रुंद, मिशी स्वतःची. गणवेश अंगात इतका मुरला होता, की साध्या सदऱ्यात बाजारात गेला तरी भाजीवाला त्याला पाहून तराजू सरळ धरायचा.

उमेदवारी नाटकात केलेली. आवाज असा, की शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्यालाही जाग यावी. पण सिनेमात तो आवाज कुणी ऐकलाच नव्हता. त्या काळी कॅमेऱ्याची घरघर एवढी असे, की चित्रीकरणात बोललेलं वापरताच येत नसे. मग नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत तेच पुन्हा बोलायचं. मोठ्या नटांना या डबिंगचं बोलावणं जाई. फौजदार, डॉक्टर, हॉटेलचा मॅनेजर अशा किरकोळ मंडळींची वाक्यं मात्र तिथला एक ठरलेला गृहस्थ एका बैठकीत उरकून टाकी.

फौजदाराला त्याचं फारसं काही वाटत नसे. काम मिळतंय ना, झालं. वाटायला लागलं ते वडिलांमुळे.

वडिलांनी उभा जन्म छापखान्यात खिळे जुळवले आणि म्हातारपणी काचबिंदूनं त्यांची नजर गेली. तरी मुलाचा सिनेमा लागला की ते इस्त्रीचा सदरा घालून तयार. एकदा असेच मुलासोबत, सुनेचा हात धरून थिएटरात गेले, शेवटपर्यंत ताठ बसले आणि बाहेर पडताना म्हणाले, "तुझं काम कधी आलं रे?"

"अहो बाबा, शेवटी. 'कुणी जागचं हलायचं नाही' म्हणालो ना, तो मीच."

"तो? तो नाकात बोलणारा?" बाबा फुटपाथवरच थांबले. "मी तुझी वाट बघत बसलो होतो की."

बायको पटकन म्हणाली, "लोकांनी टाळ्या वाजवल्या हो बाबा ह्यांना."

"त्या नाकवाल्याला वाजवल्या," म्हातारा म्हणाला आणि चालू लागला.

फौजदार दुसऱ्याच दिवशी दिग्दर्शकाकडे गेला. माझी वाक्यं मलाच बोलू द्या, म्हणाला. दिग्दर्शक हसला. "अरे, तुझ्या चार वाक्यांसाठी स्टुडिओ उघडा ठेवू? लोक तुझी मिशी बघतात, बाबा. आवाज कोण ऐकतो?"

ऐकणारा एक जण आहे, हे काही त्यानं सांगितलं नाही. पण मनाशी गाठ मारली.

यंत्रांचा नाद त्याला आधीपासून होताच. इतर नट खुर्चीत पाय पसरून गप्पा छाटत, तेव्हा हा कॅमेऱ्याभोवती घुटमळे. कुठल्या भिंगानं काय होतं, रीळ काळ्या पिशवीत हात घालून कसं भरतात, सगळं विचारून घेई. कॅमेरावाला चेष्टा करी, "काय फौजदारसाहेब, तपास कुठवर आला?" आता मात्र त्यानं ध्वनिमुद्रण करणाऱ्या काकांना गाठलं.

काका म्हणाले, "घरघर कोंडून टाकायची सोय असते रे. कॅमेऱ्यावर घालायची जाड पेटी. बड्या कंपन्यांकडे आहे. आपल्यासारख्यांना कोण देतो?"

"मग करू या."

"कोण करणार?"

"मी."

काकांनी कानावरचा हेडफोन काढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस चेष्टा करत नव्हता.

पहिली पेटी त्यानं प्लायवूडची केली, आतून गादीचा फोम चिकटवला. कॅमेरावाल्याच्या हातापाया पडून ती चढवली. आवाज जरा कमी झाला, पण आत हवा खेळेना. मोटर तापली, रीळ अडकलं, चांगला जमलेला प्रसंग वाया गेला. निर्मात्यानं सगळ्यांदेखत त्याला फैलावर घेतलं. "नट आहेस, नटासारखा राहा!" पुढचे बरेच महिने त्याला कुणी बोलावलं नाही. जीपमधून दुसराच कुणी उतरू लागला, आणि त्याची मिशी चिकटवलेली होती, हे फौजदाराला जास्त झोंबलं.

त्या रिकाम्या दिवसांत घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं. ती शाळेचे गणवेश शिवायची. फौजदार बाहेरच्या खोलीत लाकूड कापत बसे, भुसा कपड्यांवर उडे आणि मग व्हायचं ते होई. एकदा ती वैतागून म्हणाली, "किती दिवस चालणार हे?"

"होईपर्यंत."

तिनं पुढचा गणवेश सुईखाली घेतला. मशीन सुरू केलं. फौजदार ऐकत राहिला. मग एकदम उठून खाली वाकला.

"हे मशीन पूर्वी खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. आता का नाही जात?"

"खालच्या काकू भांडायला आल्या होत्या ना? मी त्याच्या पायांखाली जुन्या रबरी चपलांचे तुकडे घातले."

फौजदार तिथंच फरशीवर बसला. तो पेटी जाड करत सुटला होता, पण कॅमेरा पेटीला आतून चिकटून बसत होता आणि सगळी थरथर लाकडात उतरत होती. कॅमेरा आत अधांतरी हवा, रबरावर बसलेला. त्या आठवड्यात घरात धड जोडीची चप्पल राहिली नाही. बाबांनी अंदाजानं पाय सरकवले तर एक स्वतःची लागली, दुसरी सुनेची.

दुसरी पेटी मापात झाली. हवेला नागमोडी वाट ठेवली, म्हणजे वारा बाहेर पडेल, आवाज मात्र वळणावळणाला फोमवर आपटून थकेल. पुढच्या काचेत दिव्यांचं प्रतिबिंब पडू लागलं तेव्हा कॅमेरावाल्यानंच तोडगा सांगितला, की काच जरा तिरकी बसव. पेटी चढवली, कॅमेरा सुरू केला. काका हेडफोन कानांवर दाबून वाट बघत बसले.

"चालू कर की," शेवटी म्हणाले.

"चालूच आहे, काका."

पेटी झाली, पण ती वापरणार कोण? फौजदार तिचं गाठोडं घेऊन दारोदार हिंडला. शेवटी एका नव्या दिग्दर्शिकेनं ऐकून घेतलं. तिच्या सिनेमात एक बाप पळून गेलेल्या लेकीला समजावतो, असा लांबलचक प्रसंग होता. मुख्य नट तिला म्हणाला होता, की असं रडणं स्टुडिओत पुन्हा जमायचं नाही.

"पेटी द्याल?" तिनं विचारलं.

"देईन. पण त्यात मला काम पाहिजे. आणि माझं मी बोलणार."

"पोलीस नाहीये हो यात."

"बरंच झालं."

तिनं त्याला लेकीच्या घरमालकाचं काम दिलं. बापाला जिन्यातच अडवून दोन शब्द सुनावणारा आणि मग स्वतःच दार उघडून देणारा माणूस. चित्रीकरणाच्या दिवशी नवीनच पंचाईत झाली. कॅमेरा गप्प, पण माणसं गप्प बसेनात. इतकी वर्षं कॅमेरा चालू असताना बोलायची सवय! कुणी कपबशा वाजवतंय, कुणी सुपारी फोडतंय. फौजदारानं एकदाच नाटकातला आवाज लावला. सगळी शेड चिडीचूप झाली.

बाबा त्या सिनेमाला गेले तेव्हा फौजदार मुद्दाम त्यांच्या शेजारी बसला नाही. मागे उभा राहिला. पडद्यावर जिन्यात पावलं वाजली आणि घरमालक म्हणाला, "इतक्या उशिरा सुचलं होय यायला?" म्हाताऱ्यानं मान झटकन वर केली. सुनेचा हात धरला. "आला," एवढंच म्हणाला, पण आजूबाजूच्या चार रांगांना ऐकू गेलं. आवाज घराण्यातलाच होता.

घरी आल्यावर मात्र ऐकवलं, "वाक्याचा शेवट गिळतोस. नाटकात असा गिळत नव्हतास."

"बघतो, बाबा," फौजदार म्हणाला आणि तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

पेटीची ख्याती पसरली. एक निर्माता म्हणाला, अभिनय सोड, नुसता हाच धंदा कर. फौजदारानं सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "पेटी हवी तर मला घ्या. मला घेतलं तर मी बोलणार." काहींनी नाक मुरडलं, दुसरीकडून पेट्या करवून घेतल्या. त्यालाही त्यानं हरकत घेतली नाही. उलट रबर कसं बसवायचं ते जाऊन दाखवून आला. त्या पेट्यांमुळे डॉक्टर आणि मॅनेजरही आपापल्या आवाजात बोलू लागले. डबिंगवाला गृहस्थ काही दिवस त्याच्यावर रुसला होता. पुढे त्यालाही एका सिनेमात वकील म्हणून उभं राहायला मिळालं आणि तो नाकातूनच झकास बोलला.

मग न वाजणारे कॅमेरे आले. पेटीचं काम संपलं. फौजदार साठीच्या पुढे गेला होता, वडील जाऊनही काळ लोटला होता. लोकांना वाटलं, आता हा थकेल. तो छातीवर लपवायच्या बारीक माइकचा वर्ग कुठं चालतो ते शोधून, मुलाच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर जाऊन बसला.

परवा तो न्यायाधीशाचं काम करत होता. माइकवर काळ्या झग्याचं कापड घासून खरखर येत होती आणि नव्या दमाचा दिग्दर्शक म्हणत होता, की राहू दे, नंतर बघू.

"नंतर नको," फौजदार म्हणाला. झगा उतरवून हातावर घेतला आणि घरी फोन लावला. "अगं, आतून मऊ अस्तर लावलं तर कापड वाजायचं थांबेल का?"

"कुठलं कापड आहे?" पलीकडून बायकोनं विचारलं. "बोटांत चुरगळून फोनजवळ धरा बघू."

त्यानं धरलं. सगळा सेट थांबून राहिला.

"पाठवून द्या," ती म्हणाली. "तासाभरात करून देते."

तासभर खोळंबा झाला. दिग्दर्शक घड्याळ बघत येरझारा घालत होता आणि न्यायाधीश नुसत्या बंडीवर, शांतपणे चहा पीत, वाक्यांचे शेवट घोकत बसला होता.