दोन बाजार पोतं नाही

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा झाला तेव्हा त्यांना पहिली काळजी हाताची नव्हती, जागेची होती. ताडकळसच्या आठवडी बाजारात लिंबाखाली बसून ते गुरांना बांधायचे कासरे, दावी, म्होरक्या विकायचे. ज्याला यायला जमत नाही, त्याच्या घरच्यांनी सकाळी जागेवर पोतं अंथरून चार दगड ठेवायचे. मग तिथं कुणी बसत नाही. लागोपाठ दोन बाजार पोतं दिसलं नाही, की माणसानं जागा सोडली असं धरतात.

मी घरी बसून शहरातल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. ते क्लाउडवर, म्हणजे दूर कुणाच्या तरी इमारतीत भाड्यानं घेतलेले. प्रत्येकाला आकड्यांचा एक कायमचा आयपी पत्ता असतो. बाहेरची यंत्रं त्याच आकड्यांवर येतात, म्हणून तो बदलून चालत नाही. कुठला पत्ता कुठल्या सर्व्हरला, हे मी कोडमध्ये लिहून ठेवतो आणि पुढचं काम कोड करतो. त्यात मी एक नियम घातला होता: पंधरा दिवस ज्या पत्त्यावर सर्व्हर नाही, तो सोडून द्यायचा. चारच ओळी होत्या, आणि मला त्यांचा भारी गर्व होता.

पोतं मी दोनेक महिने टाकलं. आण्णा दर बाजारी विचारायचे, "टाकलास का रं?" मग डॉक्टर म्हणाले, आता हिंडणं-फिरणं व्हायचं नाही, आणि मी मनाशीच ठरवलं की हा खटाटोप पुरे. आण्णांना सांगितलं नाही. ते विचारायचे, मी हो म्हणायचो. खोटं बोलणं मला जराही जड गेलं नाही, हे लिहिताना लाज वाटते.

त्याच दिवसांत खेड्यांतल्या दवाखान्यांचे रिपोर्ट घेणारा एक सर्व्हर दुरुस्तीसाठी पत्त्यावरून उतरवला होता. दुरुस्ती लांबली. सोळाव्या दिवशी माझ्या नियमानं त्याचा पत्ता सोडला. दवाखान्यांतल्या यंत्रांत तेच जुने आकडे भरलेले, त्यामुळे सर्व्हर सुरू झाला तरी रिपोर्ट येईनात. पत्ता परत मागितला, तर तो दुसऱ्या कुणाला गेलेला. गावोगाव माणूस पाठवून आकडे बदलावे लागले. मी कोड उघडून माझा नियम पुन्हा वाचला. त्यात कुणाला विचारायची ओळच नव्हती. तेव्हा मला पोतं आठवलं.

पुढच्या बाजारी पोतं घेऊन गेलो. पोतं बंद केल्यापासूनचा तो तिसरा बाजार होता. लिंबाखाली एक चाळणीवाला बसला होता. शेजारची कासारीण मला बघून उठलीच.

"आण्णा कधी गेले, भाऊ? दोन बाजार पोतं न्हाई. तुमी आमाला कळवलं बी न्हाई."

"आहेत," मी म्हणालो. "घरी आहेत."

तिनं पदर तोंडाला लावला. चाळणीवाला चाळण्या गोळा करायला लागला. "आण्णा हायेत म्हनल्यावर जागा त्यांचीच," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, आज बसा, मी त्यांना विचारून येतो.

घरी येऊन आण्णांना सगळं सांगितलं, खोट्यासकट. त्यांचे शब्द आता अडखळत यायचे.

"मी बाजारात जानार न्हाई, हे मला कळत न्हवतं का रं? दर बाजारी तुला इचारायचो, तेवढंच जाऊन आल्यावानी वाटायचं. मला इचारलं असतंस, तर मीच म्हनलो असतो, सोड."

मला रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं.

"त्याला म्हनावं, बस," मग ते म्हणाले. "दुपारून सावली उजवीकडं सरकती. माल तिकडं लाव म्हनावं."

पुढच्या बाजारी मी पोतं न घेता गेलो आणि चाळणीवाल्याला सावलीचं सांगितलं.