काजळीवरचा थेंब

आखाडा बाळापूरच्या केशरबाई हिंगोलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. शिक्षण सातवी, नोकरी अकरा वर्षांची, काम काचा धुण्याचं.

२००४ च्या एप्रिलात मुलांच्या प्रयोगात एक काचपट्टी मेणबत्तीच्या ज्योतीवर काळी झाली. धुताना तिच्यावरून पाणी घरंगळून गेलं, एक थेंब तेवढा गोल मण्यासारखा बसून राहिला. शेजारच्या काचा केव्हाच सुकल्या, पण हा थेंब तसाच. केशरबाईंना राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या सिरिंजनं दोन सारखे थेंब टाकायच्या, एक साध्या काचेवर, एक काजळीवर, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत कॅलेंडरच्या मागे मिनिटं लिहायच्या. असं बारा दिवस चाललं. काजळीवरचा थेंब जवळजवळ दुप्पट वेळ टिकत होता.

विभागप्रमुख सोमेश्वर सर हसले. काजळीवर पाणी ठरत नाही हे लेकरालाही ठाऊक आहे, म्हणाले.

"ठरत न्हाई ते मलाबी ठाऊक हाय, सर," केशरबाई शांतपणे म्हणाल्या. "तो लवकर सुकत काहून न्हाई, ते इचारून राहिले मी."

नव्यानं आलेल्या पल्लवी मॅडमनी ते कॅलेंडर मागून घेतलं. स्वतः थेंब टाकले, वेळ मोजली. आकडे बरोबर निघाले. मग ती काचपट्टी त्यांनी डब्यात जपून विद्यापीठात नेली. तिथल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काजळी दिसली ती केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या कणांची. कणांच्या राशी आणि मधे हवाच हवा. थेंब त्या कणांच्या टोकांवर नुसता टेकलेला, म्हणून गोल. साध्या काचेवर तो पातळ पसरतो, म्हणून भरकन उडून जातो.

डिसेंबरात कॉलेजात परिषद भरली. बाहेरगावचे प्राध्यापक पुढच्या रांगेत बसले होते. केशरबाईंनी दोन्ही काचांखाली काडी सरकवून त्या समतल केल्या, श्वास रोखून थेंब ठेवले. काचेवरचा एकविसाव्या मिनिटाला गेला. काजळीवरचा एकोणचाळिसाव्या मिनिटापर्यंत राहिला. तेवढा वेळ कुणी जागचं हललं नाही. सगळे प्रश्न केशरबाईंनाच आले, आणि एकाही उत्तरासाठी त्यांनी मॅडमकडे पाहिलं नाही.

शेवटी टाळ्या सुरू झाल्या त्या सोमेश्वर सरांपासून.

पुढच्या वर्षी छापून आलेल्या निबंधावर दोन नावं होती, पहिलं केशरबाईंचं. त्या जूनपासून पहिल्या वर्षाच्या मुलांना हा प्रयोग केशरबाईच शिकवू लागल्या.